न वाचता केलेली सही

"काम काय ते तिथूनच सांगा."

दार दोन बोटं उघडायचं, मधे पितळी साखळी ताणलेली, आणि त्या फटीतून चष्म्याची एकच काच दिसायची. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत असं स्वागत झालं नाही असा माणूस नाही. तुमच्याही इमारतीत असं एखादं दार असेलच. आमच्याकडे ते माझ्या दारासमोर होतं.

माझी दिल्लीला बदली झाली त्या आठवड्यात मी शिरा घेऊन गेले. सबंध इमारतीत मराठी घरं दोनच, त्या दारामागच्या आजींचं आणि माझं. म्हटलं, ओळख होईल.

"काय आहे त्यात?"

"शिरा आहे, आजी. मी समोर राहायला आलेय."

"आधी तू खा."

मी जिन्यात उभी राहून चमचाभर शिरा खाल्ला. आजी घड्याळाकडे बघत थांबल्या. मग साखळी निघाली. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "साखर जास्त झालीय. पण प्रामाणिक आहे."

वय अठ्ठ्याऐंशी. एकट्या राहायच्या. भाजी स्वतः आणायच्या, बँकेत स्वतः जायच्या. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून म्हणून लागून सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्यात. तो 'इकडे ये' म्हणायचा, त्या म्हणायच्या, "का? इथे काय झालंय मला?" आजूबाजूचे पंजाबी त्यांना 'आजी जी' म्हणायचे. दोनदा आदर, पण आजींना त्यातही संशय. "एवढं जी-जी करतायत म्हणजे पार्किंगचं काहीतरी असणार."

गार्ड पार्सल घेऊन आला तर: "मैंने कुछ मंगाया नहीं."

"आजी जी, आपके बेटे ने भेजा है."

"बेटे से पूछूँगी. तब तक नीचे रखो."

स्वेटर होता. चार दिवस खाली गार्डच्या खोलीत पडला.

एकदा त्यांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे वर्दीतला माणूस. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला अटक होणार आहे, फोन बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. मी तेव्हा त्यांच्याकडे कढीपत्ता मागायला गेले होते. त्यांनी हाताने मला बसवलं आणि कागद-पेन घेतलं.

"फाइल नंबर बताइए."

तो गडबडला. काहीतरी आकडा सांगितला.

"यह तो डायरी नंबर लगता है. फाइल किस सेक्शन में है? नोटिंग किसने की? अप्रूवल किस लेवल पर हुआ?"

त्यानेच फोन ठेवला. आजींना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "एवढी वर्दी शिवून घेतली, पण अभ्यास काही नाही!"

अशा बाईवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं, हे आता सांगायला हवं. त्यांच्या मुलाने पहिल्याच भेटीत हळूच माझा नंबर घेतला होता. "आई काही सांगत नाही हो. तुम्ही जरा लक्ष ठेवाल?" मी ठेवलं. आठवड्यातून दोनदा मुलाचा फोन यायचा आणि मी इमानाने सगळं सांगायचे. आजी जेवल्या, आजी खोकल्या, आजी सेक्रेटरीशी भांडल्या. वाईट काय त्यात, असं मला वाटायचं. तरी आजींसमोर फोन वाजला की मी तो पालथा ठेवायचे.

मग मंगळवार सुरू झाले. दर मंगळवारी अकरा वाजता आजी इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडायच्या, ते थेट संध्याकाळी परत. कुठे गेला होतात विचारलं की, "कामाला." पिशवीत एक निळी फाइल. एकदा फाइलमधून डोकावणाऱ्या छापील कागदावर मला 'मृत्यूनंतर' अशा अर्थाचा शब्द दिसला. खाली बायकांमध्ये कुजबुज होतीच, आजी जी फ्लॅट कुणाच्या तरी नावावर करतायत. मुलाला सांगितलं तर तो घाबरलाच. "कुणीतरी तिला गोड बोलून गुंडाळतंय. तुम्ही बघाल का, प्लीज?"

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकली आणि आजींच्या मागे निघाले. मेट्रोत मी शेजारच्या डब्यात. राजीव चौकला गाडी बदलली, तेव्हा गर्दीत त्या दिसेनाशा झाल्या, पुन्हा दिसल्या. ताठ चालत होत्या. स्टेशनबाहेर पडून त्या एका मेडिकल कॉलेजच्या आवारात शिरल्या. मला वाटलं, आजार! मोठा आजार लपवतायत. मी खांबाआड उभी राहिले.

"खांब काय धरून ठेवलायस? पडत नाही तो. ये." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

मी गेले.

"मी मंगळवारी घरी नसते हे बुधवारी सकाळी पुण्यात कळतं. आपल्या मजल्यावर कबुतरं आहेत आणि तू आहेस. कबुतरांकडे फोन नाही."

"आजी, सॉरी. त्यांना काळजी वाटते म्हणून—"

"ते बघू. चल आत."

आत शरीररचना विभागाचं छोटं ऑफिस होतं. कारकुनाने मान वर केली आणि सुस्कारा सोडला. "माताजी, आप फिर आ गईं."

"आपने कहा था इतवार को भी फोन उठता है. मैंने इतवार को किया. नहीं उठा."

तेव्हा मला समजलं. आजींना देहदान करायचं होतं, आणि गेले पाच मंगळवार त्या ती जागा तपासत होत्या. गाडी कोण पाठवणार, ड्रायव्हर रजेवर असला तर कोण, कागद कुणाकडे राहणार, शिकणारी मुलं नीट वागतात का. कारकुनाने दुसरा नंबर लिहून दिला. आजींनी तिथल्या तिथे लावून पाहिला. टेबलावरचाच फोन वाजला.

मग त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "साक्षीदार म्हणून सही कर."

पाठलाग करताना पकडली गेलेली मी, त्यांनी काहीही पुढे केलं असतं तरी सही केली असती. केली. आजींनी कागद ओढून घेतला.

"न वाचता केलीस?"

"आजी, तुम्ही दिलात म्हणून..."

"मी दिला म्हणून?" त्यांनी तो फॉर्म फाडला, कारकुनाकडून नवा मागून घेतला, आणि मला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

"माझा नवरा गेला त्याच्या तेराव्याला दीर कागद घेऊन आले. 'वहिनी, पेन्शनचं आहे, सही करा.' घरातलं माणूस, म्हणून केली. गावच्या घरावरचा हक्क सोडल्याचा कागद होता तो. मला तीन वर्षांनी कळलं. तो चोर होता याचं मला काही वाटत नाही. मी वाचलं नाही, याचं वाटतं. वाच. मोठ्याने."

मी दोन्ही पानं मोठ्याने वाचली. अडले तिथे त्यांनी अर्थ विचारला. मग सही केली.

"आता मुलाची सही राहिली. त्याला तू सांग."

"मी?"

"मी सांगितलं तर भांडण होईल. तू सांगितलंस तर बातमी होईल. तुझी सवय आहे."

भांडण व्हायचं ते झालंच. मुलगा विमानाने आला. साठी उलटलेला माणूस, पण आईसमोर खुर्चीच्या कडेवर बसला. आजींनी मलाही बसवून घेतलं होतं.

"आई, मी तुला अग्नीही द्यायचा नाही? एकुलता एक मुलगा असून? लोक काय म्हणतील ते सोड, मला काय वाटेल?"

मी वाट बघत होते की आता त्या कलमं काढतील, मुद्दे मांडतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"तू तुझ्या वडिलांना अग्नी दिलास तेव्हा आठ वर्षांचा होतास. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये परत आलास आणि पंधरा दिवस उजव्या हाताने जेवला नाहीस. तो हात पाठीमागे धरायचास. डाव्या हाताने भात सांडत खायचास. आठवतं?"

"नाही," मुलगा म्हणाला.

"मला आठवतं. तेव्हाच ठरवलं होतं, हे काम तुझ्याकडून पुन्हा करून घ्यायचं नाही. सोय शोधायला उशीर झाला एवढंच."

मग मुलाने फॉर्म ओढून घेतला. डोळे भरले होते, त्याला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मीच वाचून दाखवला. पूर्ण.

त्यानंतर आजी दीड वर्ष होत्या. मंगळवार बंद झाले. पुण्याला माझे फोन चालूच राहिले, फक्त आता आजी बाजूला बसून दुरुस्त्या सांगायच्या. "खोकला दोन दिवस नाही, तीन दिवस म्हण."

यंदाच्या जानेवारीत, धुकं उठून ऊन पडल्यावर, त्या खाली बागेत मटार सोलत बसल्या होत्या. शेजारच्या बाईंना वाटलं, डुलकी लागली. मांडीवर ताट तसंच होतं, एकही दाणा सांडला नव्हता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली. मी कॉलेजला फोन केला आणि मग पुण्याला. हा एकच फोन मला जमला नाही. मी नुसतं "काका" म्हटलं, आणि मुलाला समजलं.

तो संध्याकाळी पोचला. खाली लोक जमले होते. घाट कोणता, लाकडं की सीएनजीची दाहिनी, असं विचारत होते. देहदान ऐकल्यावर दोघंतिघं एकमेकांकडे बघत राहिले. कॉलेजची पांढरी गाडी आली. दोन माणसांनी कागद तपासले, आजींना उचललं, दार लावलं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. मंत्र नाहीत, मडकं नाही. मुलगा मोकळ्या हातांनी उभा.

गाडी हलली तसा तो तिच्यामागून चालायला लागला. घाईने नव्हे, पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जावं तसा. गार्डने टोपी काढून फाटकाची दोन्ही दारं उघडली. गाडी मोठ्या रस्त्याच्या रहदारीत शिरली, रिक्षांच्या आड गेली. मुलगा फाटकात थांबून तिकडे बघत होता. त्याच्या पायात चप्पल नव्हती, आणि कुणीच त्याला ते सांगितलं नाही.