शेपटी वर, नाक खाली

दसऱ्याच्या सकाळी विमानाच्या नाकावर झेंडूची माळ होती, आणि कर्णिक सर मला विचारत होते, "शेपटी वर धरून मोजलंत ना?"

मी हँगरचा इंजिनियर, ते विमानाचे मालक. जुनं, कापडी पंखांचं, दोन सीटचं विमान. मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. आयात मोकळी झाली, सरांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये लागला, त्याने परदेशातून मोठं इंजिन पाठवलं. मोठ्या इंजिनाला पंखाही मोठा लागतो, म्हणजे प्रॉपेलर. सरांना घाई होती. वैमानिकाच्या लायसन्ससाठीच्या पुढच्या मेडिकलला डोळे पास होणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्याआधी एकदा स्वतः उडवायचं होतं.

प्रॉपेलरचं टोक आणि जमीन यांत ठरावीक अंतर लागतं. ते मी मोजलं होतं. हातभर होतं.

"सर, मोजमाप आमच्याकडे. तुम्ही फक्त उडवायचं बघा," मी म्हणालो. हँगरमधले सगळे हसले. सरही हसले.

माळ काढली, नारळ फुटला. मग टॅक्सी ट्रायल, म्हणजे न उडता धावपट्टीवर वेगात पळवून बघणं. हल्लीच्या विमानांना चाक नाकाखाली असतं. ती उभी असतानाच सपाट असतात, त्यामुळे विमान उभं असतानाच मोजायची मला सवय. या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली. वेग घेतला की शेपटी वर उचलली जाते आणि नाक खाली येतं.

आलं. खडखडाट झाला, इंजिन गचकन थांबलं.

आम्ही धावलो. प्रॉपेलरची टोकं मागे वळली होती. कर्णिकबाई पेढ्यांचा डबा घेऊन तशाच पळत आल्या. "अहो, लागलं का कुठे?"

"मला नाही."

"सर, चूक माझी," मी म्हणालो. "शेपटी खाली असतानाच मोजलं."

"ते कळलं हो. जमिनीने सांगितलं." मग बाईंकडे वळून, "उघडा तो डबा. हँगरमधली मुलं सकाळपासून उपाशी आहेत."

तो पेढा मी हातात धरून उभा राहिलो. मघाशी हसलेल्यांपैकी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

प्रॉपेलर आपटला की इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागतं. ते केलं, मापाचा प्रॉपेलर मागवला. तोवर मेडिकल आली. डोळे नापास.

विमान उडालं, दुसऱ्या वैमानिकाच्या हाती. सर मागच्या सीटवर होते. उतरल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"इंजिन उत्तम बसवलंय तुम्ही," ते म्हणाले. "मागून वैमानिकाची मान फार छान दिसते."

नव्या इंजिनियरांना मी दोनच गोष्टी सांगतो. विमान ज्या स्थितीत पळतं, त्या स्थितीत मोजा. आणि वैमानिकाने प्रश्न विचारला तर आधी उत्तर द्या, टोमणा नंतर मारता येतो.