लहानू धकातेची पेटी

शेठ लोकांच्या फाटकाशी बंदूक घेऊन उभा असलेला माणूस तुम्ही रोज बघता. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नसतं. फाटकाच्या आतल्या कुत्र्याचं ठाऊक असतं. मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याचं नाव लहानू धकाते. पान उलटल्यावर विसरणार असाल तर आत्ताच उलटा, माझा वेळ वाया घालवू नका.

लहानू पवनीचा, कोष्ट्याच्या घरचा. माग सोडून फौजेत गेला, पंधरा वर्षं राबला, आणि सुटल्यावर रेल्वेतल्या मेहुण्याच्या आधारानं रायपूरला आला. फौजेच्या कागदांवर त्याला दुनाली बंदुकीचं लायसन मिळालं होतं, तेही अख्ख्या हिंदुस्तानचं. ह्या शहरात त्याचा अर्थ काय, ते समजून घ्या. स्वतःची बंदूक आणि स्वतःचं लायसन असलेला माणूस म्हणजे गनमॅन. त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवतात. ते नसलं की तोच माणूस चौकीदार. आणि लायसन जायला एक केस पुरते. केस खरी की खोटी, हे नंतर दहा वर्षांनी ठरतं. म्हणून लहानू सायकलसुद्धा उजव्या बाजूनं चालवत नसे. मी त्याला आमच्या गार्ड संघटनेच्या मोर्च्याला बोलवायचो, तर तो मोर्च्याच्या बाजूनं, फुटपाथवरून चालायचा.

"घोषणा दे ना बे," मी म्हणायचो.

"मनातल्या मनात देऊन राहिलो," तो म्हणायचा.

दोन गोष्टी मात्र तो कोणासाठी मोडत नसे. एक फौजेची. फौजेत हत्यारांची खोली असते, तिला कोत म्हणतात. तिथे सही घेतल्याशिवाय हत्यार ह्या हातातून त्या हातात जात नाही. लहानू घरीही तसाच. बंदूक दुरुस्तीला दिली तरी चिठ्ठीवर सही. दुसरी गोष्ट घरची. खंडेनवमीला शांताबाई, म्हणजे त्याची बायको, बंदुकीची पूजा करायची, आणि बंदुकीच्या पेटीभोवती लाल दोरा बांधायची. रोजच्या ड्युटीला बंदूक खांद्यावर आणि पेटी घरी खाटेखाली. तिचं झाकण उघडायला दोरा सरकवता येत होता, पण गाठ सोडायची नाही. गाठ पुढच्या खंडेनवमीपर्यंत राहायची. तीही साधी नाही. मागावर सूत तुटलं की कोष्टी जी गाठ मारतात ती: चिमटीत बसते, चपटी असते, टोकं दातानं तोडलेली. ती सुटत नाही. कापावीच लागते.

आता शेठ. भनपुरीला लोखंडाचा कारखाना. नाव लिहीत नाही, कारण त्याच्या वकिलाला फुकटचं काम मिळवून द्यायची माझी इच्छा नाही. रायपूर राजधानी झालं आणि हे लोक एका रात्रीत मोठे झाले. आधी दिल्लीला आगगाडीनं जायचे. लहानू दाराशी दुनाली घेऊन बसायचा आणि शेठचं रिव्हॉल्व्हर शेठच्या बॅगेत, पराठ्यांच्या डब्याखाली. त्या रिव्हॉल्व्हरचं लायसन फक्त छत्तीसगढपुरतं. पण आगगाडीत कोण विचारतो?

राजधानी होऊन चार वर्षं झाली होती, जानेवारी महिना होता. शेठला खाणीच्या कामासाठी दिल्ली गाठायची होती, आणि ह्या वेळी विमानानं. दिल्लीतल्या लोकांसमोर मागे गनमॅन उभा पाहिजे, म्हणून लहानूचंही तिकीट निघालं. आमच्या चहाच्या टपरीवर त्याचीच चर्चा. मी विमान कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात जाऊन नियम विचारून आलो. तिथल्या पोरीनं मला आधी खालून वर बघितलं, मग सांगितलं. बंदूक रिकामी, नळी आणि दस्ता वेगळे करून, कुलूपबंद पेटीत. काडतुसं वेगळी बांधून. लायसन हातात. काउंटरवर आपणहून सांगायचं की माझ्याजवळ हत्यार आहे, आणि फॉर्मवर सही करायची की ह्या पेटीत जे आहे ते माझं आहे. तिथला अधिकारी तपासतो, मग पेटी विमानाच्या पोटात जाते. आपण वर रिकाम्या हातानं.

"म्हणजे बंदूक खाली अन् मी वर?" लहानू म्हणाला. "मंग वरतं शेठवर कोणी आलं त मी काय करू, टाळ्या वाजवू?"

पेटीला कडी होती, कुलूप नव्हतं. इथे मॅनेजर दिवाकरजी येतात. आमच्यातलेच, मराठी, समता कॉलनीत दुमजली घर, घरात गणपती दहा दिवसांचा. पण ऑफिसात मराठीचा एक शब्द तोंडातून पडू द्यायचे नाहीत. बारा वर्षं लहानूशी हिंदीतच. जाण्याच्या आदल्या दुपारी लहानू बंदूक पेटीत भरून ऑफिसात आला, तेव्हा ते म्हणाले, "पेटी इधर रख दो भैया, हम दो ताले लगवा देते हैं. सुबह जीप से एयरपोर्ट पहुँच जाएगी. तुम गोल बाज़ार जाओ, जूते ले आओ. साहब के पीछे ये फटे जूते पहनकर खड़े रहोगे क्या?"

लहानूची चूक झाली ती इथे. हत्यार दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं नसतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण बारा वर्षांची नोकरी, आणि फाटके बूट खरंच फाटके. तरी त्यानं वहीचा कागद फाडला, त्यावर लिहिलं, ‘पेटी एक, दोरा बांधलेली, आज दोन वाजता मिळाली,’ आणि दिवाकरपुढे धरला.

दिवाकर हसला. "अरे, फौज छूट गई, कोत नहीं छूटा तुम्हारा." आणि हसत हसतच सही ठोकली.

सकाळी मी शांताबाईला स्कूटरवर घेऊन माना विमानतळावर गेलो. तिला नवऱ्याला उडताना बघायचं होतं. डब्यात तीळगूळ, पुडीत कुंकू. लहानू बसनं आधीच आला होता, नवे बूट करकर वाजत होते. काडतुसांचं पाकीट पिशवीत, लायसनची वही खिशात. पोर्चमध्ये बड्या गाड्या लागत होत्या आणि त्यातून उतरणारे लोक आम्हाला असे टाळून जात होते, जसे आम्ही सांडलेलं काहीतरी आहोत. शेठ आला, आमच्याकडे न बघता काचेच्या दारातून आत गेला. मग जीप आली. दिवाकरनं पेटी लहानूच्या पायाशी ठेवली, किल्ल्या हातावर टेकवल्या.

"चलो चलो, काउंटर पर. फॉर्म भरो, साइन करो, खत्म."

शांताबाई पेटीला कुंकू लावायला वाकली आणि तशीच राहिली.

"अजी," ती म्हणाली, "हे गाठ माही नाही."

"दीदी, टाइम नहीं है," दिवाकर म्हणाला.

"तुमाले कोण विचारून राहिलं? मी त्याइले सांगून राहिली." तिनं दोरा बोटावर उचलला. "हे पाहा. माहा दोरा फिका पडला आहे, तीन महिन्यांचा. हा मधला टुकडा लालभडक. अन् गाठ पाहा कशी फुगली आहे, देवळात मनगटावर बांधतात तशी."

मीही बघितलं. आंधळ्यालाही दिसलं असतं. कोणी बिनदेवाचा माणूस असता तर त्यानं दोरा कापून कचऱ्यात टाकला असता, आणि आम्ही समजलो असतो की कुलूप बसवताना तुटला. दोरा सरकतो हे दिवाकरला ठाऊक नव्हतं, गाठ सुटेना म्हणून त्यानं ती कापली. पण तो भाविक. खंडेनवमीचा दोरा फेकला तर पाप लागेल, म्हणून त्यानं ऑफिसच्या देवघरातला दोरा जोडून, तीन फेरे घालून पुन्हा बांधला होता. पाप कशाचं लागतं ह्याचा त्याचा हिशेब वेगळा होता.

लहानूनं पेटी उचलली. उचलून पुन्हा खाली ठेवली.

"हे जड आहे," तो म्हणाला. "माही बंदूक मले माहीत आहे. दिवाकरजी, याच्यात काय टाकलं?"

"पागल हो क्या? ताले का वज़न है."

"मंग इथंच उघडतो."

"यहाँ नहीं!" दिवाकर ओरडला आणि तिथेच फसला. मग आवाज खाली आणून, लहानूचा दंड धरून म्हणाला, "लहानूभाऊ. ऐका ना. आपण एकाच मातीतले."

बारा वर्षांनी फुटलं मराठी! मी तिथेच म्हणालो, "वा दिवाकर, तोंडात जीभ होती तर. हरवली म्हणून रिपोर्ट द्यायच्या विचारात होतो मी."

"तुम्ही मध्ये पडू नका. लहानूभाऊ, लोखंडात लोखंड कोण बघतं? एक सही करायची. साहेब तुमचं आयुष्यभर बघतील. आणि नाही केली, तर उद्यापासून फाटकावर येऊ नका."

म्हणजे हे होतं. सही केली तर पेटीतलं सगळं लहानूचं. सापडलं तर केस, केस झाली तर लायसन गेलं, आणि लायसन गेलं की बावन्नाव्या वर्षी हातात काठी. सही नाही केली तर नोकरी गेली. शेठ आत काचेपलीकडे पेपर वाचत होता.

लहानूनं दंड सोडवून घेतला. पेटीला हात लावला नाही. दाराशी उभ्या असलेल्या जवानाकडे गेला, पाय जुळवून उभा राहिला, आणि फौजेत बोलतात तसं मोठ्यानं म्हणाला, "साहब, वो पेटी मेरी है. अंदर मेरी लाइसेंसी बंदूक है, खाली है. पर पेटी मेरे कब्ज़े से बाहर थी, किसी ने खोली है. आप खुलवाइए. मैं हाथ नहीं लगाऊँगा."

पोर्च रिकामा व्हायला अर्धं मिनिट लागलं असेल. बड्या गाड्यांतल्या बाया बॅगा टाकून पळाल्या. दोन जवान आले, मग एक सब-इन्स्पेक्टर. लहानूनं किल्ल्या जमिनीवर ठेवून चार पावलं मागे घेतली. झाकण उघडलं. नळी, दस्ता, खाली फौजेचं जुनं घोंगडं. घोंगड्याखाली, फडक्यात गुंडाळलेलं, शेठचं रिव्हॉल्व्हर.

शेठला बाहेर बोलावलं. तो आला, बघितलं, आणि पापणीही न लववता म्हणाला, "मेरी है. कल से मिल नहीं रही थी. इसी ने चुराई होगी. पेटी किसकी है? इसी से पूछो."

बारा वर्षं ज्याच्या पाठीमागे उभा राहिला, त्याच्या तोंडून हे. मी शेठच्या अंगावर धावलो, खोटं कशाला सांगू. एका जवानानं मला कॉलर धरून खांबाला लावलं. शांताबाई मात्र खांबासारखी उभी होती.

"चोर म्हणता?" ती म्हणाली. "चोर स्वतःच्या पेटीले पोलिसाकडून उघडवत नसते, शेठ. एवढी अक्कल त आमच्या मोहल्ल्यातल्या बकरीले बी आहे."

सब-इन्स्पेक्टर हसला नाही, पण त्यानं मिशीवर हात फिरवला. लहानूनं लायसनच्या वहीतून तो कागद काढला. पेटी एक, दोरा बांधलेली, दोन वाजता, खाली दिवाकरची सही. सब-इन्स्पेक्टरनं तो दोनदा वाचला. मग दोरा बघितला. मग दिवाकरकडे.

"ये साइन आपका है?"

दिवाकरनं शेठकडे बघितलं. शेठनं घड्याळाकडे.

"हव," दिवाकर म्हणाला. हिंदी ‘हाँ’ गेलं, मराठी ‘हो’ही गेलं, राहिलं फक्त छत्तीसगढी हव.

तुम्हाला वाटेल, शेठला बेड्या पडल्या. कुठल्या जगात राहता? शेठनं तिथल्या तिथे लिहून दिलं की मॅनेजरनं मला न विचारता केलं, आणि त्याच विमानानं दिल्लीला गेला. दिवाकर चौकीत बसला. केस त्याच्यावर झाली, जामीनही झाला. लहानूवर केस झाली नाही. पण चौकशी म्हणून त्याची बंदूक पोलिसांच्या मालखान्यात गेली आणि सात महिन्यांनी परत आली, नळीला गंज घेऊन. नोकरी त्याच दिवशी गेली. मी बाकीच्या शेठांकडे गेलो, पाच-सहा फाटकं ठोठावली. सगळ्यांचं एकच उत्तर: माणूस चांगला आहे, पण पेटी उघडणारा आहे.

आता तो समता कॉलनीतल्या एका दवाखान्याच्या दाराशी काठी घेऊन बसतो. दिवाकर सकाळी फिरायला तिथूनच जातो. पहिल्यांदा त्यानं मान हलवली, "क्या भैया, कैसे हो?" लहानू म्हणाला, "मराठीत विचार." तेव्हापासून दिवाकर रस्त्याच्या पलीकडून जातो.

गेल्या महिन्यात लहानूचं लायसन नूतनीकरणाला आलं. मी सोबत होतो. फॉर्मवर एक रकाना असतो, कोणता गुन्हा दाखल आहे का. लहानूनं ‘नाही’ लिहिलं, सावकाश, दोनदा गिरवून. बाबूनं फॉर्म बघितला, काठी बघितली.

"गनमॅन तो हो नहीं अब. बंदूक का करोगे क्या? जमा करा दो."

मी तोंड उघडलं होतं, पण लहानूनं माझ्या पायावर बूट ठेवला. तेच गोल बाजारचे बूट, अजून करकरणारे.

"नोकरी शेठची होती," तो बाबूला म्हणाला. "लायसन माहं आहे. ठप्पा मारा."

ह्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पूजा झाली, शांताबाईनं दोरा बांधला, टोकं दातानं तोडली. लहानूनं गाठ ओढून बघितली. एकदा, दोनदा.

"काहून ओढता?" ती म्हणाली. "तुमच्यानं सुटन का थे? दिवाकरले बी कापा लागली."