बिलात न धरलेली जागा

जोरात सुटलेल्या पाण्याचा फर्रर्र आवाज कानावर आला की फूलवाल्या नानांची घटना आजही माझ्यासमोर येऊन बसते. हल्ली तो आवाज नाशिकमध्ये सारखाच येतो. मोटर, लांब नळी आणि टोकाला बंदुकीसारखा नोझल घेऊन फिरणारे धुलाईवाले गल्लोगल्ली झाले आहेत. तेव्हा ते मोजकेच होते. त्यांचा भाव काय असावा, बिल कसं लावावं, हे ना त्यांना धड माहीत होतं ना गिऱ्हाइकाला.

मी तेव्हा नदीपलीकडे, पंचवटीच्या बाजूला एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देऊन अधिकारी झालो, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. वडील बाजारात भाजीची पाटी घेऊन बसत, त्यामुळे घासाघीस मी बाराखडीच्या आधी शिकलो. माझी बायको म्हणायची, "तुम्ही मेथीच्या जुडीचीसुद्धा अंगझडती घेता."

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळची हजेरी उरकून मी बसलो होतो, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आरडाओरडा सुरू झाला. चाळिशीचा एक गडी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली.

"साहेब, माझी मशीन चोरली! हातच तोडले माझे!"

त्याला पाणी दिलं, बसवलं आणि हकिकत घेतली. दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या हंगामात तो ट्रॅक्टर आणि फवारणीचे ब्लोअर धुऊन द्यायचा. दिवाळीच्या आधी शहरात बंगले, अंगणं, पार्किंग. वर्षाची खरी कमाई याच दिवसांतली. आदल्या दिवशी त्यानं एका फूलवाल्याचं घर धुतलं होतं. संध्याकाळी बिलावरून बोलाचाली झाली. फूलवाला म्हणाला, उद्या या. मागचा पार अजून धुवायचा होता म्हणून यानं मशीन तिथंच ठेवली. सकाळी गेला तर मशीन गायब. फूलवाला म्हणाला, मला काही माहीत नाही, तूच नेली असशील.

"मशीनची पावती कुठाय?"

"घरी, साहेब. जुनी घेतलेली हाय."

"पावती घेऊन ये, मग फिर्याद घेतो," असं सांगून त्याचा अर्ज ठेवून घेतला आणि स्टेशन डायरीला नोंद केली. मालकी पाहिल्याशिवाय चोरीची फिर्याद घ्यायची नाही, ही माझी पद्धत होती. पुढे याच पद्धतीची मला किंमत मोजावी लागली.

खबर दुपारीच आली. फुलांची ने-आण करणारा एक टेम्पोवाला आमच्या हवालदाराच्या ओळखीचा होता. बाजाराजवळच्या टपरीवर त्यानं चहाचा कप खाली ठेवत आवाजही खाली आणला.

"नानांच्या शेडात झेंडूच्या क्रेटामागं लाल मशीन हाय, साहेब. ताडपत्री घातलेली. पन एक सांगू? चोरीचा माल लोक लपवून पळत्यात. नाना तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलेत. गिऱ्हाइकाकडंबी बघत नाय."

हे मला खटकलं. फूलवाले नाना साठी ओलांडलेले, मळ्याचे मालक, बाजारात शब्दाला वजन असलेला माणूस. दसरा-दिवाळीला त्यांच्याकडून टेम्पोच्या टेम्पो झेंडू जायचा. असा माणूस दुसऱ्याची जुनी मशीन कशाला ढापेल?

शेडवर गेलो. मशीन होती. नानांनी नकार दिला नाही, कबुलीही दिली नाही. म्हणाले, "येतो ठाण्यावर. फुलांना पाणी मारून येतो." आणि बरोबर आले.

आता कायद्याची अडचण सांगतो, कारण सामान्य माणसाला ती ठाऊक नसते. गुन्हा दाखल केला की मशीन मुद्देमाल होते. मुद्देमाल म्हणजे ठाण्याच्या आवारात, गंजलेल्या मोटारसायकलींच्या शेजारी. कोर्टाचा आदेश झाला की मग सुपुर्दनाम्यावर परत. आणि दिवाळीत कोर्टाला सुट्टी. धुलाईवाला पावती घेऊन आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन हे समजावलं आणि विचारलं, "तुला न्याय पाहिजे की मशीन?"

"साहेब, न्यायानं अंगण धुता येत नाय."

मग मी दोघांना समोरासमोर बसवलं. पोलीस चौकशी म्हटली की लोकांना पट्टा आठवतो. माझा अनुभव असा, की निम्मी प्रकरणं चहा आणि हिशेब यांवर उलगडतात. म्हटलं, बिल दाखव. त्यानं खिशातून ओलसर कागद काढला. भाव चौरस फुटाला पाच रुपये. शिवाय डिझेल वेगळं, पाण्याचा टँकर वेगळा, 'हट्टी डाग' वेगळे. भिंती मोजताना खिडक्या-दारंही धरलेली.

"खिडक्या धुतल्यास का रे?"

"नाय साहेब."

"मग धरल्यास कशा?"

"रंगारी धरतो, प्लास्टरवाला धरतो. मीच काय पाप केलंय? खिडकीच्या कडेनं हळू मारावं लागतं, न्हाईतर काच फुटती."

मुद्दा चूक नव्हता, पण मी सोडतो थोडाच! खिडक्या निम्म्या धरायला लावल्या. डिझेल भावातच, कारण मशीन काही हवेवर चालत नाही. टँकर खराच आला होता, तो ठेवला. हट्टी डाग उडवले. हवालदार कौतुकानं बघत होता. म्हणाला, "साहेब, तुम्ही खात्यात आलात म्हणून बरं, न्हाईतर अडत्यांची पोरं उपाशी मेली असती." बिल बरंच खाली आलं. मी विजयानं नानांकडे पाहिलं.

नाना म्हणाले, "नाही."

"किती देता मग?"

"मी आकड्यावर भांडत नाही."

धुलाईवाला घायकुतीला आला. "नाना, निम्मे द्या." नानांनी बिलाचा कागद परत सरकवला. "बरं, टँकरचे तेवढे द्या." शेवटी तो उठून उभा राहिला, हात जोडले. "रुपया नको तुमचा. फुकट केलं म्हणा. माझी मशीन तेवढी द्या. उद्यापासून माणसं वाट बघत्यात माझी."

"नाही."

माझी सटकली. टेबलावर हात असा आपटला की चहाचे कप उडाले. "नाना, वय बघून खुर्ची दिली आहे! कोठडीपण आहे माझ्याकडे!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला भीती दिसली नाही, मग्रुरीही दिसली नाही. तिथं मी थांबलो. वडिलांचं एक बोलणं आठवलं. बाजार उठताना ते उरलेली भाजी जवळजवळ फुकट देत. तरीही एखादं गिऱ्हाईक भाजी न घेता पाटीसमोर तसंच उभं राही. वडील म्हणत, "त्याला भाजी नको असते रे. त्याचं काहीतरी दुसरं हरवलेलं असतं."

फुकट म्हटल्यावरही जो राजी होत नाही, त्याचं भांडण पैशाचं नसतं. मी टोपी उचलली. "चला, जागा बघू."

घर साधं, पण दगडी चौथऱ्याचं आणि दगडी खांबांचं. असं लख्ख झालेलं, की नवीन बांधल्यासारखं वाटत होतं. नानांची सून बाहेर आली. बिचारीला वाटलं, कामात खोट काढायला पोलीस आलेत. ती धुलाईवाल्याचीच बाजू घेऊ लागली.

"काम चांगलंच केलंय हो त्यांनी. आधी नमुना दाखवला. फुकट. मामंजी बाजारात होते, मी फोटो पाठवला, त्यांनी लगेच होकार दिला. हे बघा."

तिनं मोबाइल पुढे केला. फोटोत काळपट दगड आणि मधोमध हातभर स्वच्छ पट्टा. खाली नानांचं उत्तर होतं: भारी दिसतंय, करा सगळं.

ही या धंद्यातली युक्ती तेव्हा मला नवी होती. भाव ठरण्याआधी धुलाईवाला एक तुकडा फुकट धुऊन दाखवतो. जिथं डाग सगळ्यात जुना आणि नजरेत भरणारा, तोच तुकडा धरतो. तेवढा उजळला की बाकीचं घर घाण दिसू लागतं, आणि मालक स्वतःच म्हणतो, सगळं करा. एखाद्या कसलेल्या व्यापाऱ्यालाही सुचणार नाही असा सौदा.

"हा नमुना कुठं घेतला होतास?" मी विचारलं.

"हा काय, दाराच्या उजव्या खांबावर. लय जाड थर होता, साहेब. तेलकट, तांबडा. तीनदा मारलं तवा निघाला."

मागं काहीतरी हललं. नाना पायरीवर बसले होते. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

मी सगळ्यांना गप्प केलं आणि शेजारी बसलो. "नाना, तिथं काय होतं?"

ते दगडाकडे न बघताच बोलले.

"तिचा हात होता. दर लक्ष्मीपूजनाला गेरू तेलात कालवून पंजा उमटवायची. घरात आली त्या वर्षापासून. जागा तीच, हातावर हात. म्हणायची, लक्ष्मीला घर सापडलं पाहिजे. मागच्या दिवाळीलाही उमटवला. शिमग्याच्या आत गेली."

सून तोंडाला पदर लावून उभी राहिली. ती घरात नवीन होती. सासूबरोबर तिला एकच दिवाळी मिळाली होती आणि त्या सणाला ती माहेरी गेलेली. तिला तो डागच वाटला होता.

"जवळून काढलेल्या फोटोत कुठला दगड, काय कळतंय?" नाना म्हणाले. "मीच लिहिलं ना, भारी दिसतंय म्हणून. संध्याकाळी आलो आणि पाहिलं. आता याला काय सांगू? सुनेला काय सांगू? तिनं हौसेनं केलं. बोललो असतो तर पोरीनं जन्मभर मनाला लावून घेतलं असतं. म्हणून बिलावर भांडलो."

"आणि मशीन?"

"मशीन दिली की हा जाणार. मग काम संपलं. ती इथं आहे तोवर वाटायचं, अजून संपलं नाही."

धुलाईवाला खांबापाशी गेला, तिथं हात लावला आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "नाना, मला फकस्त डाग दिसला वो."

नानांनी मशीन स्वतः शेडातून ओढत आणली. पैसेही दिले, आणि मी कमी करून आणलेले नाही, पहिल्या कागदावरचे पूर्ण, खिडक्यांसकट. धुलाईवाला घेईना. नाना म्हणाले, "घे. बिलात जे आहे ते तुझं आहे. जे गेलं ते बिलात नव्हतंच." त्यानं पैसे घेतले. लेकरंबाळं त्यालाही होती. जाताना सुनेनं त्याला झेंडूची मोठी पिशवी दिली.

त्यानं लेखी दिलं की मशीन मिळाली, तक्रार नाही. मी अर्ज निकाली काढला. माझ्या दृष्टीनं प्रकरण मिटलं होतं.

महिन्याभरात निनावी अर्ज आला. चोरीचा माल सापडूनही गुन्हा दाखल केला नाही, पैसे खाऊन तडजोड केली. चौकशी लागली. मी सगळं सांगितलं, पण खांबावरचा हात कोणत्या रकान्यात लिहायचा? वरिष्ठांनी गोपनीय अहवालात शेरा मारला, 'तडजोडीकडे कल', आणि माझी मनमाडला बदली झाली. एक कपभर चहासुद्धा त्या प्रकरणात मी स्वतःच्या पैशानं पाजला होता. हा राग मी कुणापासून लपवलेला नाही, इथंही लपवणार नाही.

बायकोची शाळेतली नोकरी नाशिकची, त्यामुळे ती इथंच राहिली. मी सुट्टी मिळेल तसा यायचो. ती जुन्या स्कूटरवर स्टेशनला घ्यायला यायची आणि म्हणायची, "या, तडजोडवाले." पुढे तिचं दुखणं निघालं. रजा मागितली की वर तोच शेरा आडवा यायचा. निवृत्तीच्या आधी शेरा काढून टाकल्याचं पत्र आलं. साहेब म्हणाले, "डाग धुतला गेला तुमचा. पेन्शनला धक्का नाही. आता आणखी काय हवं?" आयुष्यभर आकडा तोंडावर असलेला मी, मला त्या दिवशी आकडा सांगता आला नाही. ती जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नाना त्या खुर्चीत 'नाही' का म्हणत होते, ते मला साहेबांच्या केबिनमध्ये पुरतं कळलं.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं विचारलं तर इतकंच सांगेन: माणूस ज्या रकमेवर अडून बसतो, तिच्यामागं बघावं. तपास बहुतेक वेळा तिथंच असतो.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीचं पार्किंग धुवायचं ठरलं. घासाघीस अर्थातच माझ्याकडे आली. धुलाईवाल्याला चौरस फुटामागं चांगलं खाली आणलं, खांब मोजमापातून वजा करायला लावले, टँकर त्याच्याच गळ्यात मारला. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "काका, तुम्ही मार्केट यार्डात होता का?" मग नोझल घेऊन नमुना दाखवायला निघाला आणि नेमका माझ्या जागेकडे वळला. तिथं फरशीवर तेलाचा काळा, वाटीएवढा डाग आहे. तिच्या स्कूटरचं इंजिन गळायचं. स्कूटर केव्हाच विकली.

"तिथं नको," मी म्हणालो.

"काका, हाच तर सगळ्यात मोठा डाग आहे. बघा कसा उडवतो."

"ही जागा सोडायची. पूर्ण."

"बरं. मोजमापातून वजा करतो मग."

"वजा करू नकोस. धर. बिलात धर आणि धुऊ नकोस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतका वेळ एकेका रुपयावर भांडणारा म्हातारा न धुतलेल्या जागेचे पैसे का देतोय, ते त्याला कळेना. मी सांगितलं नाही. टेप त्याच्या हातातून घेतली आणि ती जागा मीच मोजून दिली.