क्ष-किरण तज्ज्ञ

यवतमाळच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवत असे आणि उरलेल्या वेळात क्वेसारवर काम करत असे. क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं केंद्र. तिथल्या अवाढव्य कृष्णविवरात वायू पडत असतो आणि पडता पडता इतका तापतो की त्या दीर्घिकेतले सगळे तारे त्याच्यापुढे फिके पडतात. सगळ्यांत दूरच्या क्वेसारचे क्ष-किरण निघाले तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता. ते हवेतून खाली पोचत नाहीत, उपग्रहावरच्या दुर्बिणीनं टिपावे लागतात. पुण्याचा एक जुना मित्र मला त्या निरीक्षणांच्या सीडी पाठवायचा.

इतका तेजस्वी क्वेसार, पण दुर्बीण तासन्‌तास रोखून धरली तरी हाती लागायचे क्ष-किरणांचे मोजके कण. कधी काहीच नाही. अशा वेळी काय लिहायचं ते मित्रानं सुरुवातीलाच बजावलं होतं. "'नाही' असं लिहायचं नाही. 'दिसला नाही' लिहायचं." मध्ये दाट वायू असेल आणि तो किरण गिळत असेल. आपणच पुरेसा वेळ पाहिलं नसेल. हा नियम मी कधी मोडला नाही. आकाशाच्या बाबतीत तरी.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडले होते, कितीतरी जिनिंग, म्हणजे सरकी काढणाऱ्या गिरण्या, बंद पडल्या होत्या, चालू होत्या त्यांचा हंगामही लवकर आटपायचा. आमच्या घरामागच्या वस्तीत बौद्ध विहार होता आणि तिथे दर एप्रिलमध्ये जयंतीची व्याख्यानं होत. एका वर्षी वस्तीतल्या तरुणांनी मला बोलावलं. बाहेरच्या फळ्यावर त्यांनी रंगीत खडूनं माझ्या नावाआधी लिहिलं होतं: 'क्ष-किरण तज्ज्ञ'. आपल्याकडे या शब्दांचा अर्थ एकच होतो, दवाखान्यातला एक्सरे वाचणारा डॉक्टर. ते माझ्या लगेच लक्षात आलं. पुसा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात गळ्यात हार पडला. मग राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात वस्तीतला एक जिनिंग कामगार बायकोला घेऊन माझ्या दारात आला. हातात मोठं पिवळं पाकीट होतं. कुठल्याशा तपासणी शिबिरात छातीचा एक्सरे काढून दिला होता आणि मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून सांगितलं होतं.

"सर, हे जरा पाहून द्या."

"अरे, हे डॉक्टरला दाखवायचं असतं."

"तुमी तं आभायाच्या पलीकडचा एक्सरे पाह्यता. माही छाती तं इतकीशी हाये."

बायको मागून म्हणाली, "नीट पाह्या सर. लय खोकलते हे. मी म्हणतो दवाखान्यात चला, तं आयकतच नाही."

"सीझन चालू हाये इकडं. एक खाडा केला तं मालक दुसऱ्याले उभा करते," तो तिच्यावर खेकसला.

मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. आमच्या चित्रांत सोयीसाठी आकाश पांढरं छापतात आणि क्वेसार काळा. काळा ठिपका दिसला की सापडला. माझी नजर सवयीनं काळा ठिपका शोधत राहिली. एका बाजूला वर पांढुरकं धुकं होतं. किरण जिथे अडतात तिथे फिल्म पांढरी राहते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो. त्या दुपारी ते मला आठवलं नाही. दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि मला काहीतरी सांगायचं होतं.

"काही नाही. साफ आहे," मी म्हणालो.

"मंग हे पांढरं काय हाये?" बाईंनी विचारलं.

माझ्याआधी तोच बोलला. "कापूस असन जिनिंगमधला. तेवढा तरी मालकानं फुकट देला!" तो हसला, हसता हसता खोकला. मीही हसलो.

दवाखान्यात तो गेला नाही. उन्हाळ्यात रक्त पडायला लागलं तेव्हा नेला. क्षय होता, दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. क्षयाला तेव्हाही औषध होतं आणि सरकारी दवाखान्यात ते मिळत होतं. त्याच्यापर्यंत ते उशिरा पोचलं. तो वाचला नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा मांडवात त्याचा मोठा भाऊ होता. पांढरकवड्याला हायवेवर त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. तो भावजयीवर कडाडत होता, "एक्सरे निघालता ना? मंग काहून नेलं नाही तुनं?"

"सरांनं साफ हाये म्हटलं," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. भावानं विचारलं, "खरं हाये का सर?"

"मी डॉक्टरला दाखवा म्हणालो होतो."

तसं मी म्हणालोच होतो. म्हणून ते मला पुरतं खोटं वाटलं नाही. आधीचं वाक्य मी ठेवलं, नंतरचं गाळलं.

"आयकलं? आता सरांवर ढकलून राह्यली बयताड," भाऊ म्हणाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधू लागलो.

त्यांच्या लहान मुलीला काका पांढरकवड्याला घेऊन गेला. ती तिथेच वाढली, तिथेच तिचं लग्न झालं. आईकडे ती येत नसे. नवऱ्याला मरू दिलं आणि वर सरांचं नाव घेतलं, असं वस्तीत त्या बाईंबद्दल बोललं जाई. माझ्या कानावर ते येई. मी निवृत्त होईपर्यंत क्वेसार पाहत राहिलो आणि जिथे काही सापडलं नाही तिथे न चुकता 'दिसला नाही' असं लिहीत राहिलो.

यंदा एसटीनं पांढरकवड्याला गेलो. काका आता खाटेवर असतो. मुलीला बोलावून घेतलं आणि दोघांसमोर सगळं सांगितलं, गाळलेल्या वाक्यासकट.

"आता सांगून का फायदा, सर?" काका म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मुलगी म्हणाली, "माय हेच सांगे. दरवेळी हेच. मी म्हणो, एवढे मोठे सर खोटं कायले बोलतीन?"

तिनं मोबाइल काढला. "फोन लावतो. तुमीच बोला."

पलीकडून बाईंचा आवाज आला. मी नाव सांगितलं, कुठून बोलतोय ते सांगितलं, आणि त्यांच्या मुलीला काय सांगितलं तेही. माफी मागायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"पोरीजवळ द्या फोन," त्या म्हणाल्या.

मी फोन दिला.