वडिलांची जीभ

आमच्या भागात संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जातो. फळ तोडायच्या आधी व्यापारी येतो, बगीच्यात फिरतो आणि भाव करतो. माझे वडील व्यापारी नव्हते, दलाल होते, पण पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत सौदा कुठलाही असो, त्यांनी चाखल्याशिवाय पुढे सरकत नसे. बांधाकडची झाडं सोडून ते थेट बगीच्याच्या मधात जायचे, सावलीकडचं एक फळ तोडून खायचे आणि पुढच्या झाडाकडे वळायचे. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. चोथा थुंकला तर शेतकऱ्याला वाईट वाटेल म्हणून तोसुद्धा गिळायचे. मग खाटेवर बसून चहा, त्यात साखर मुठीनं, कारण पाहुण्याला फिका चहा पाजला तर गावात नाव निघते. असं दिवसभर चाले.

त्यांना शुगर निघाली तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. वर्गात फळ्यावर पेशी काढायची आणि घरी येऊन तेच बाबांना सांगायचं. साखर रक्तात नुसती हिंडते, पेशी तिला आत घेत नाही, म्हणून बाहेर ढीग आणि आत उपास. मंडीत माल सडून राहिला आणि घरात चूल थंडी, असं म्हटलं की ते मान डोलवायचे. "समजलं बाई," म्हणायचे. त्यांना खरंच समजायचं, राग त्याचाच येतो. अडाणी माणसाला निदान माफ तरी करता येतं.

डॉक्टरांनी संत्रं बंद करा असंही सांगितलं नव्हतं. एखादं खा, चहा फिका घ्या, चाला, आणि गोळी चुकवू नका, एवढंच. आई रोज जेवणासोबत आठवणीनं गोळी द्यायची. आम्ही निश्चिंत होतो.

पुढे बाबांना बांधावरून बगीचा दिसेनासा झाला. आम्हाला ते कळलं नाही, कारण त्यांनी कळू दिलं नाही. पूर्वी लांबूनच सांगायचे की माल किती निघेल, आता फांदीला हात लावल्याशिवाय बोलत नव्हते. मोहगावकडच्या एका बगीच्यात फळांवर कोळशी चढली होती. ती काळी बुरशी लहान लेकरालाही दिसते. बाबांनी माल साफ आहे म्हणून सांगितलं. व्यापारी चिडला, तेव्हा म्हणाले, ऊन डोळ्यावर येत होतं. त्यानंतर त्यांनी डोळे तपासून घेतले असतील असं वाटेल कुणालाही. त्यांनी काय केलं, तर नजरेचा भरवसा राहिला नाही म्हणून आणखी जास्त झाडांची फळं खाऊन पाहायला लागले.

शेवटी नागपूरला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बराच वेळ पाहिलं आणि मला समजावलं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की डोळ्याच्या पडद्यावरच्या केसासारख्या रक्तवाहिन्या कमजोर होतात, पाझरतात. मग शरीर घाईघाईनं नव्या तयार करतं, त्या अजूनच कच्च्या असतात आणि फुटतात. एका डोळ्यात रक्त साचलं होतं. दुसऱ्यातही लेझरनं फारसं हाती लागणार नव्हतं. "गोळ्या घेत होते ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज. बाबा शांतपणे म्हणाले, "सीझनमध्ये नाई घेत."

"काहून?" मी विचारलं.

"त्या गोळीनं तोंड लोखंडावानी होते. जीभ मरते. मंग मी गोड-आंबट काय सांगू लोकाइले?"

आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार. एकाची तोडणी थंडीत, दुसऱ्याची उन्हाळ्याच्या तोंडाशी. सीझन नसलेले महिने शोधावे लागतात. आई गोळी द्यायची, बाबा तोंडात टाकायचे आणि मोरीवर जाऊन थुंकायचे. परक्याच्या शेतात चोथा थुंकायची ज्यांना लाज वाटे, त्यांना स्वतःच्या घरात गोळी थुंकायची वाटली नाही. डॉक्टर म्हणाले, ती चव बहुतेकांची थोड्या दिवसांत जाते, नाहीतर गोळी बदलता येते. फक्त सांगायला पाहिजे होतं. मी दवाखान्याच्या बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

आता त्यांना उजेड तेवढा कळतो. गावात मात्र बोलतात की डोळे गेले आणि देवानं सगळं जिभेत भरलं. व्यापारी फळं घेऊन घरीच येतात. परवा एक जण पिशवी घेऊन आला, तर मी त्याला दारातच अडवलं.

"एका संत्र्यानं काय होते, ताई," तो म्हणाला.

"एकानं काहीच नाई होत. आम्ही एकएक करूनच इथपर्यंत आलो."

आवाज ऐकून बाबा भिंत धरून बाहेर आले. "काहून अडवून राहिली त्याले?"

"बाबा, किडनीबी चालली तुमची. डोळे गेले ते पुरे नाई झालं का?"

ते चाचपडत खुर्चीवर बसले. "तुया चेहरा नाई दिसत मले, बाई. तुया आईचाबी नाई दिसत. हे तोंडात टाकलं का झाड दिसते, बांध दिसते, अख्खा बगीचा दिसते."

व्यापाऱ्यानं पिशवी माझ्या हातात दिली. मला बाबांचा इतका राग आला की रडू फुटलं, आणि रडता रडता मी त्यांच्यासाठी संत्रं सोलत होते.