धुईतला पाठमोरा बाप

माझ्या देहाचा कलेला काही उपयोग होईल असं पन्नाशी जवळ येईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात लेकीनं सांगितलं. "पप्पा, मला तुमची पाठ लागणार हाय."

ती बीडला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेच्या चित्राला तिनं युरोपातली रोमँटिक चळवळ घेतली होती. जेवताना तिनं आम्हाला समजावून सांगितलं. दोनेकशे वर्षांपूर्वी तिकडच्या चित्रकारांना कारखान्यांच्या धुराचा आणि हिशेबी शहाणपणाचा कंटाळा आला. मग ते वादळं, दऱ्या, पडके किल्ले, चांदणं असलं रंगवायला लागले. निसर्ग अफाट, माणूस एवढासा, आणि त्या एवढ्याशा माणसाच्या आत काहीतरी दाटून आलेलं.

"वादळात आपले पत्रे उडाले तवा मी बी एवढासाच झालतो," मी म्हणालो.

"एवढेसे? तुमी?" बायको भाकरी थापता थापता म्हणाली.

लेक हसली नाही. तिनं आधी एक चित्र करून दिलं होतं, बर्फाच्या शिखराचं, मोबाईलवर पाहून. सरांनी ते परत केलं. "हे तू पाहिलेलं नाहीस," एवढंच म्हणाले. आता पंधरवड्यात दुसरं दिलं नाही तर वर्ष वाया जाणार होतं.

तिच्या डोक्यात पक्कं होतं. उंच खडकावर माणूस, पाठमोरा, समोर धुकं.

"पाठमोरा कावून?"

"म्हंजे बघणाऱ्याला वाटतं, आपुनच तिथं उभे हावोत."

"आन् संगं कुनी?"

"कुनीच न्हाई. त्याचं एकटं असणं हेच तर चित्र हाय, पप्पा."

वडवणीजवळ आमच्या शेताच्या कडेला डोंगराची सोंड उतरते, तिथं तसा खडक आहे. वाट पाहायची होती ती धुक्याची, म्हणजे आमच्या भाषेत धुईची. हरभरा फुलात असताना धुई पडली की फूल गळतं, म्हणून अख्खा शिवार ती पडू नये म्हणत होता. पडावी म्हणणारं घर आमचं एकट्याचंच. हे आम्ही बाहेर कुठं बोललो नाही.

अखेर एका सकाळी ती पडली. लेकीनं माझा लग्नातला कोट बाहेर काढला. त्याची बटणं लागायचा काळ केव्हाच सरला होता, पण पुढची बाजू चित्रात येणार नसल्यानं ती अडचण नव्हती. अडचण मागं झाली. हात घालताच पाठीची शिवण उसवली. बायकोनं तिथं सेफ्टी पिना लावल्या आणि श्वास हळू घ्यायला सांगितलं. हातात रुबाबदार काठी हवी होती. घरात फवारणीच्या पंपाची नळी सापडली.

असा मी खडकावर चढलो. "खांदे सैल सोडा," लेक खालून मोबाईल धरून म्हणाली. "काहीतरी अफाट बघताय असं वाटू द्या."

आधी जमेना. मग समोर नीट पाहिलं. खालचं सगळं रान दुधात बुडालेलं, बाभळींचे फक्त शेंडे वर, पलीकडं देवळाचा कळस. ज्या रानाला मी रोज नावं ठेवतो ते हेच, यावर विश्वास बसेना.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले आबा धापा टाकत वर आले. वयानं सत्तरीचे, पण चढले.

"काय झालं रं?"

"काय न्हाई, आबा. चित्र चाललंय."

"कोट घालून? फवारनीची नळी घिऊन?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आवाज उतरवला. "हरभऱ्याचं मनाला लावून घिऊ नगं. धुई समद्यांवरच पडलीय." आणि ते माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"आबा, जरा बाजूला व्हा ना," लेक म्हणाली.

"व्हतो बाई. आदी ह्याला खाली यिऊ दे."

आम्हा दोघांना वर पाहून रस्त्यावरच्या दूधवाल्यानं गाडी लावली. "बिबट्या दिसला का?" असं हळूच विचारत तोही आला. चार-पाच जण जमल्यासारखा आमचा गलका ऐकून बायको चहाची किटली घेऊन आली. उन्हं वर येत होती. धुई कडेनं विरायला लागली होती. लेकीचा चेहरा रडवेला झाला. एवढ्या मोठ्या तालुक्यात तिला एक एकटा माणूस मिळेना.

मग आबा समोर बघता बघता थांबले. "सारी हयात हितं गेली," ते म्हणाले, "पर असं उभं राहून कदी बघितलंच न्हाई." दूधवाल्यानं कानटोपी काढली. बायकोनं किटली खाली ठेवली. आम्ही चौघं समोर बघत उभे राहिलो.

मागून मोबाईलचा आवाज येईना म्हणून मी मान वळवली. लेक बांधावर बसली होती, मांडीवर वही, हातात पेन्सिल, नजर आमच्यावर.

"हलू नका," ती म्हणाली. "कुनीच हलू नका."

त्याच वेळी पाठीतली एक पिन सुटली आणि आत टोचली. मी हललो नाही. युरोपातल्या कलेसाठी माझ्या हातून घडलं ते इतकंच.

चित्र पाहून सरांनी तिला विचारलं, एकट्या माणसाचं चित्र ना हे, मग चार कशाला? ती म्हणाली, "आमच्याकडं मानसाला एकटं उभं राहू देत न्हाईत, सर. मी हेच पाहिलंय." सरांनी या वेळी चित्र ठेवून घेतलं. ती पास झाली, आणि निकालानंतर ते चित्र आमच्या बैठकीत लागलं.

आबा पाहुण्यांना मुद्दाम घेऊन येतात आणि आपली पाठ दाखवतात. दूधवाल्याच्या पाठीपेक्षा ती बारीक आलीय, अशी त्यांची तक्रार आहे. माझ्या पाठीवर काय चमकतंय, असंही पाहुणे विचारतात. लेकीनं पिनासुद्धा सोडल्या नाहीत.

हरभराही बराच हाताला लागला. आता पुन्हा हिवाळा लागलाय. परवा पहाटे आबांनी दार वाजवलं. पाहतो तो धुवून काढलेलं धोतर, डोक्याला फेटा, आणि हातात माझी ती फवारणीची नळी.

"कोट घाल," ते म्हणाले. "धुई पडलीय."