वरचं दूध

मैत्रिणींनो, माझी लेक आज एकोणीस दिवसांची झाली. सकाळी डमडमच्या दवाखान्यात वजन केलं, तर जन्माच्या वेळेपेक्षाही कमी भरलं. "अंगावर पाजणं सोडू नका, पण सोबत वरचं दूधही द्या," डॉक्टर म्हणाल्या.

घरी येऊन मी ढसाढसा रडले. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत होतं, तरी दर दोन तासांनी पाजत होते. आणि पोर उपाशीच राहत होतं.

बाळंतपणासाठी नाशिकहून कोलकात्याला आलेली आई शेजारी येऊन बसली. "मलाही दूध पुरलं नव्हतं गं," ती हळूच म्हणाली. "तू वरच्या दुधावरच वाढलीस. तुझ्या आजीने कोणाला कळू दिलं नाही, मग मीही कधी बोलले नाही."

आणि गेले पंधरा दिवस तीच मला दूध वाढावं म्हणून अळिवाची खीर भरवत होती!

दुपारी आधी अंगावर पाजलं, मग वाटी-चमच्याने वरचं दिलं. लेक पहिल्यांदाच पोटभर पिऊन झोपली. आई तिच्याकडे बघत म्हणाली, "मी तेव्हा न्हाणीघरात जाऊन रडायचे."

तुमच्यापैकी किती जणी अशाच गप्प राहिल्यात? आज इथे बोलाल?